कड वाचताना

माझी नोकरीची सगळी वर्षे ओतकामात गेली. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत मोल्डर म्हणून लागलो आणि त्याच धंद्यातून सुपरवायझर होऊन निवृत्त झालो. जुन्या नाण्यांचा नाद त्याच काळात लागला. दिवसा बिडाचा आणि ब्राँझचा रस, रात्री भिंग आणि नाणी. बरीच वर्षे या दोन गोष्टींचा माझ्या डोक्यात एकमेकींशी संबंध नव्हता. नाणी म्हणजे राजे, लिपी, सनावळी. फाउंड्री म्हणजे पोट. हा संबंध जुळला तेव्हापासून दोन्हींकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. त्या बदलाविषयी लिहायचे आहे.

नाणे करायच्या जुन्या रीती मुख्यतः दोन. एक ठशाची. धातूची चकती दोन ठशांमध्ये धरायची आणि वरून घण घालायचा. शिवाजी महाराजांची शिवराई अशी पाडलेली. दुसरी रीत ओतण्याची. साचा करायचा, त्यात रस सोडायचा, निवला की साचा फोडायचा. उत्तर आणि मध्य भारतात इसवी सनापूर्वीच्या शतकांत तांब्याची ओतीव नाणी चालत. त्यांवर अक्षर नाही. हत्ती, टेकडी, कठड्यातले झाड अशी चिन्हे. आपल्याकडे सातवाहनांनी शिशाची, तांब्याची आणि पोटीनची म्हणजे तांबे, कथील, शिसे यांच्या मिश्रधातूची नाणी काढली. त्यांत ओतकाम आणि ठसा दोन्ही भेटतात. चीनने मात्र दोन हजार वर्षे ओतीव नाणे सोडले नाही, आणि त्याच वाटेने व्हिएतनाम, कोरिया, जपान गेले.

नाशिकला नाण्यांचा अभ्यास करणाऱ्याचे भाग्य मोठे. नोटा छापणारा कारखाना नाशिकरोडला 1928 पासून आहे. त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला 1980 साली स्थापन झालेली मुद्राशास्त्र संशोधन संस्था आहे, तिचे नाण्यांचे संग्रहालय आहे. शहराच्या कडेला पांडवलेणी आहेत, आणि त्यांच्या भिंतींवर नाण्यांचे हिशेब कोरलेले आहेत. दहाव्या लेण्यात क्षहरात वंशाच्या क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. नाशिकजवळच्या गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, 2,000 कार्षापण नाणी दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, दुसऱ्या श्रेणीकडे 1,000 कार्षापण शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज 240 होते, आणि त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशेब चोख जुळतो. पगाराची वाटणी आणि मालाचा जमाखर्च रोज पाहणाऱ्या माझ्यासारख्याला हा लेख फार जवळचा वाटला. तिथे नाणे दागिन्यासारखे पेटीत पडून नाही, ते कामाला लावलेले आहे.

संबंध जुळला तो सातवाहनांच्या एका पोटीनच्या नाण्यामुळे. एका व्याख्यानानंतर एका ज्येष्ठ अभ्यासकांनी काही नाणी आम्हा हौशी लोकांसमोर मांडली होती. सगळे हत्तीची सोंड आणि उज्जयिनी चिन्ह, म्हणजे क्रॉसच्या टोकांची चार वर्तुळे, पाहत होते. मला नाण्याच्या कडेला एक बारीक कोंब दिसला, तुटल्यासारखा, खरखरीत. मी न राहवून म्हणालो, “सर, हा गेट आहे.” त्यांनी वर पाहिले. “काय आहे?” मी सांगितले की रस साच्यात शिरतो ते तोंड म्हणजे गेट. कास्टिंग निवल्यावर तो तोडून टाकतात. इथे तो तोडला, पण घासला नाही. एका घरातून दुसऱ्या घरात रस गेला असेल तर समोरच्या बाजूलाही खूण पाहिजे. त्यांनी नाणे फिरवले. समोरच्या कडेला तशीच खूण होती.

त्यांनी मला तिथेच बसवून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला: चित्रासकट ओतले, की कोरी चकती ओतून मग ठसा मारला? नुसत्या कोंबावरून ते ठरत नाही, कारण चकतीही साच्यातच ओततात. त्यासाठी चित्राच्या रेषा पाहाव्या लागतात. ठसा मारला असेल तर धातू दाबाने बाहेर पसरतो, कडेला बारीक चिरा पडतात, आणि ठसा सरकला असेल तर अर्धे चित्र चकतीच्या बाहेर जाते. ओतले असेल तर उठावाच्या कडा मऊ असतात आणि खोलगट भागात साच्याच्या मातीचा पोत उतरतो. त्या दिवशी आम्ही बराच वेळ एकेक नाणे असे चाळले. त्यांना लिपी आणि वंशावळ येत होती, मला रस कुठून गेला ते कळत होते. दोघांचे जोडून जे हाती लागले ते एकट्याला लागले नसते.

त्यांच्याच सांगण्यावरून मी बिरबल साहनींचे पुस्तक मिळवून वाचले. साहनी हे वनस्पतींच्या जीवाश्मांचे जगप्रसिद्ध अभ्यासक. 1936 साली रोहतकच्या खोखराकोट टेकाडावर त्यांना भाजलेल्या मातीचे तुकडे सापडले. ते यौधेय या प्राचीन गणराज्याच्या नाण्यांचे साचे होते. चकतीवर चकती रचलेली, मधल्या छिद्रातून रस खाली जाणार आणि आडव्या पन्हळींतून प्रत्येक घरात शिरणार. तुकड्यांवरून साहनींनी सगळी प्रक्रिया पुन्हा उभी केली आणि 1945 मध्ये प्राचीन भारतातल्या ओतीव नाण्यांच्या तंत्रावर ग्रंथ लिहिला. दगडातल्या पानाच्या शिरा वाचायला शिकलेला डोळा त्यांनी साच्याच्या पन्हळींवर लावला. ते वाचून माझ्या मनातला एक संकोच गेला. आपले शिक्षण जेमतेम, आपण या विषयात बोलावे का, असे मला वाटे. त्यानंतर वाटले नाही.

व्हिएतनामकडे मी योगायोगाने वळलो. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून चौकोनी भोकाच्या नाण्यांची एक माळ घेतली होती. त्याने ती चिनी म्हणून विकली, आणि बरीचशी होतीही. चिनी अक्षरे मला वाचता येत नव्हती, म्हणून मी ती पॅटर्नसारखी लक्षात ठेवायला लागलो: वरचे अक्षर, खालचे, उजवे, डावे. पुस्तकातल्या चित्रांशी ताडून ढीग लावत गेलो. काही नाणी कुठल्याच ढिगात बसेनात. पातळ, थोडी लहान, अक्षरे जरा अवघडलेली. एकाच्या पाठीवर एकटेच अक्षर होते. दहाव्या शतकातल्या चिनी नाण्यांची पाठ बहुधा कोरी असते. जाणकारांना दाखवल्यावर कळले की ते अक्षर ‘दिन्ह’, आणि नाणे व्हिएतनामच्या स्वतःच्या पहिल्या मालिकेतले.

या नाण्यामागची गोष्ट मला फार भिडली. सुमारे हजार वर्षे चीनच्या सत्तेखाली काढल्यावर 938 साली बाक दांग नदीवर न्गो क्वेन याने चिनी आरमार हरवले. पण तो गेल्यावर देश बारा सरदारांत फाटला. 968 साली दिन्ह बो लिन्ह याने तो एक केला, होआ लु इथे राजधानी केली आणि 970 साली ‘थाई बिन्ह’ हे स्वतःचे युगनाम, म्हणजे राजवटीच्या कालखंडाचे नाव, सुरू केले. त्या नावाचे ‘थाई बिन्ह हुंग बाओ’ हे नाणे ओतले गेले. आकार चिनी, अक्षरे चिनी, भोक चौकोनी. पण पाठीवर आपल्या घराण्याचे नाव. पुढे 984 साली नंतरच्या घराण्याच्या ले होआन याने ‘थिएन फुक त्रान बाओ’ ओतले, आणि त्याच्याही पाठीवर ‘ले’ हे घराण्याचे नाव आहे. साचा शेजारच्याचा असला तरी खूण आपली उमटवायची, हा निर्धार त्या लहानशा चकतीवर दिसतो. हे वाचताना मला राज्याभिषेकानंतरची शिवराई आठवत राहते. मोगली आणि आदिलशाही नाण्यांच्या बाजारात ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही नागरी अक्षरे तांब्यावर आली, त्यामागेही तसाच निर्धार होता.

मग ती नाणी कशी ओतत, ते शोधू लागलो. सोंग यिंगशिंग याच्या 1637 सालच्या चिनी ग्रंथात, ‘त्येनकुंग खायवू’मध्ये, टांकसाळीचे सविस्तर वर्णन आहे. लाकडी चौकट घ्यायची, बारीक माती आणि कोळशाची पूड चाळून दाबून भरायची. तिच्यावर शंभराच्या आसपास मातृनाणी, म्हणजे छाप उठवायची नमुन्याची नाणी, मांडायची, दुसरी चौकट वर ठेवून उलटायची, म्हणजे दोन्ही बाजूंचा छाप उमटतो. मातृनाणी उचलायची, रस जायला मधोमध वाट पाडायची, चौकटी बांधून रस सोडायचा. निवल्यावर निघते ते फांद्यांना नाणी लागलेले एक झाड. ती तोडायची, चौकोनी भोकांतून दांडी ओवायची आणि सगळ्यांच्या कडा एकदम कानशीने घासायच्या.

हे वाचताना मी थांबून थांबून वाचत होतो, कारण एकही पायरी अनोळखी नव्हती. आमच्याकडे चौकटीला बॉक्स म्हणतात, वाटेला रनर, कडा घासण्याला फेटलिंग. वाळूत आम्हीही कोळशाची पूड घालतो. रसाच्या आणि वाळूच्या मध्ये त्याने वायूचा पातळ थर तयार होतो आणि पृष्ठभाग स्वच्छ येतो. चौकोनी भोकाचे एक कारणही हातानेच कळले. गोल भोकात गोल दांडीवर नाणे फिरते, कानस धरत नाही. चौकोनी दांडीवर ते जागचे हलत नाही. चौकोन म्हणजे पृथ्वी आणि गोल म्हणजे आकाश हा त्यांचा विचार आहेच. घासणाऱ्याची सोयही त्यात आहे, आणि ती कामगारालाच आधी दिसते.

ओतकामाने मला नाण्यांविषयी शिकवलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आकसणे. रस निवला की आकसतो. म्हणून पॅटर्नमेकरची, म्हणजे साच्यासाठी नमुना करणाऱ्याची, पट्टी वेगळी असते. बिडासाठी ती फुटाला साधारण अष्टमांश इंच मोठी, ब्राँझसाठी तीन सोळांश. पॅटर्न तितका मोठा केला तरच कास्टिंग मापात येते. मातृनाणे चलनातल्या नाण्यापेक्षा किंचित मोठे असते ते यामुळेच. आता कोणी चलनातलेच नाणे वाळूत दाबून नक्कल ओतली, तर ती मुळापेक्षा लहान येणार. त्या नकलेवरून दुसरी केली तर आणखी लहान. व्हिएतनाममध्ये खासगी ओतारी अशी नाणी पुष्कळ काढत, आणि ती हातात घेतली की पिढ्या मोजता याव्यात इतकी ती लहान आणि पुसट होत गेलेली दिसतात.

लेखावर विसंबू नये हे मला त्याच माळेने शिकवले. तिच्यातल्या एका नाण्यावर युआनफंग हे सोंग सम्राटाचे युगनाम होते. म्हणजे इसवी सन 1078 ते 1085. पण धातू आणि घडण चिनी सोंग नाण्यासारखी नव्हती. 1659 पासून काही वर्षे जपानात नागासाकीला खास निर्यातीसाठी जुन्या सोंग नावांची नाणी ओतली गेली, आणि डच व चिनी जहाजांतून ती व्हिएतनामला गेली. तिथे नाण्यांची टंचाई होती आणि सोंग नाव लोकांच्या विश्वासाचे होते. चिनी सम्राटाचे नाव, जपानी ओतकाम, व्हिएतनामी बाजार आणि मधे सहाशे वर्षे. नुसता लेख वाचून यातले काहीच कळले नसते.

ही नजर इथे, नाशिकमध्येही कामाला आली. 1906 साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावी नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. 13,000 हून अधिक नाणी, आणि त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावर चैत्य, पाठीवर उज्जयिनी चिन्ह. क्षहरातांचा वंश निःशेष केल्याची जी ग्वाही त्याची आई गौतमी बलश्री हिच्या पांडवलेण्यांतल्या लेखात आहे, तिचा धातूतला पुरावा या साठ्यात मिळाला. मला नेहमी प्रश्न पडे की नाणी वितळवून नवी का नाही केली. माझ्या धंद्याचे उत्तर असे: वितळवायचे म्हणजे कोळसा, मूस, वेळ, दर खेपेला थोडी धातूची तूट, आणि मग पुन्हा चकत्या करून तोलायच्या. तयार चकतीवर घण घालणे केव्हाही लवकरचे आणि स्वस्तातले. शिवाय हरलेल्याचा चेहरा ठशाखालून डोकावत राहतो, आणि जिंकणाऱ्याला तेही हवे असेल.

या नाण्यांच्या प्रसिद्धीमुळे बाजारात नकलाही आल्या. एकदा एक ओळखीचे कुटुंब असे नाणे घेऊन घरी आले. मुलाने पहिल्या पगारातून वडिलांना भेट म्हणून घेतलेले. खऱ्या पुनर्मुद्रित नाण्यात खालचा जुना ठसा दबून सपाट झालेला असतो आणि वरचा नवा ठसा धारदार बसतो. इथे दोन्ही सारखेच मऊ होते, कारण दोन्ही एकाच वेळी एकाच साच्यातून निघाले होते. खोलगट भागात हवेच्या बुडबुड्यांनी सोडलेले बारीक दाणे होते. कडेला जोडाची रेघ कानशीने घासलेली. मी त्यांना भिंगातून एकेक खूण दाखवली आणि ते ओतलेले आहे असे स्पष्ट सांगितले. मुलगा गप्प झाला. वडील म्हणाले, “काका, आता खरं कसं ओळखायचं ते याला शिकवा.” तो मुलगा आजही येतो, आणि त्याची नजर आता चांगली तयार आहे. अप्रिय खरे सांगताना कारण दाखवता आले पाहिजे, हे मी तिथे शिकलो. फाउंड्रीत पोराचे कास्टिंग रिजेक्ट करतानाही मग मी तेच करू लागलो: आधी दोष बोटाने दाखवायचा, मग बाजूला ठेवायचे.

दुसरा धडा नाण्याच्या जागेविषयीचा. सिन्नरच्या बाजूचे एक शेतकरी नांगरटीत निघालेली काही नाणी रुमालात बांधून आले होते. किंमत विचारायला. नाणी शिशाची, पांढुरकी, मातीने भरलेली. मी त्यांना आधी विचारले, “दादा, कुठल्या वावरात, किती खोल, सोबत खापरं होती का?” त्यांना आधी वाटले, मी टाळतोय. मग समजावले की 1878 चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जमिनीत सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आणि ही नाणी एकत्र, एका ठिकाणची आहेत हीच त्यांची खरी किंमत आहे. विखुरली की ती फक्त शिसे उरतात. ते तयार झाले, सोबत जाऊन अर्ज दिला. त्यांच्या घरच्या एका म्हाताऱ्या आजींनी मात्र जे सांगितले ते मी विसरलेलो नाही. पूर्वी असे शिसे निघाले की नदीवरचे लोक जाळ्याची वजने करायला घेऊन जात, म्हणाल्या. किती राजांची नावे गोदावरीत अशी बुडाली असतील!

शिशाच्या नाण्यांविषयी संग्राहकांना एक सांगणे आहे, कारण ती फार लवकर मरतात. ती चिंचेने, लिंबाने, व्हिनेगरने कधी घासू नयेत. लाकडी खणात किंवा साध्या पुठ्ठ्यातही ठेवू नयेत. त्यांतून निघणारी आम्ले शिशाची पांढरी भुकटी करतात. एका संग्राहकाच्या सुंदर सागवानी कपाटात एक अख्खा ओळीने लावलेला संच असा भुकटी होताना मी पाहिला आहे. तांब्याच्या नाण्यावरचा हिरवट थर घासून चकाकी आणणेही तसेच. त्या थराखाली अक्षर सुरक्षित असते. घासले की थरासोबत अक्षरही जाते.

नोकरीच्या शेवटच्या काळात मी काही नाणी फाउंड्रीत नेली होती. जेवणाच्या सुट्टीत नवे मोल्डर पोरगे भोवती जमले. पोटीनचे नाणे हातात देऊन मी काही बोललो नाही. एकाने ते फिरवले, अंगठा कडेवरून नेला आणि म्हणाला, “मामा, याने गेट तोडताना घाई केली.” दुसरा म्हणाला, “रस थंड होता, इथे भरलाच नाही.” त्या नाण्यावरचा राजा कोण हे दोघांनाही माहीत नव्हते. पण हे करणारा माणूस त्यांना दिसला होता, आणि मी पुस्तकांतून जिथे पोचायला धडपडलो तिथे ते एका अंगठ्याने पोचले होते.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. नाण्यांचा इतिहास लिपी जाणणाऱ्यांनी लिहिला आणि तो उत्तम लिहिला. त्यांच्यावाचून आपल्याला सातवाहनांची वंशावळही लागली नसती. आता त्यांच्या शेजारी धातू जाणणाऱ्यांनी बसायला हवे. नाशिकमध्ये मूर्ती ओतणारे ओतारी आहेत, भांडी घडवणारे तांबट आहेत, सातपूर-अंबडला हजारो हात रोज साचे भरतात. यांच्यापुढे नाण्यांचे खण उघडले पाहिजेत. नाण्यांची प्रदर्शने भरतात तेव्हा एखादे दालन ओतून दाखवण्याचे असावे, आणि एखाद्या कामगाराला बोलावून विचारावे की हे कसे केले असेल. शाळेच्या सहलीतल्या मुलांना राजाच्या नावाबरोबर रस कुठून शिरला तेही दाखवावे. ज्यांनी ही नाणी ओतली त्यांची नावे कोणत्याही लेण्यात कोरलेली नाहीत. त्यांचे काम ओळखणारी माणसे मात्र आपल्याकडे अजून आहेत, आणि ती कामावर असतानाच त्यांना विचारून घ्यायला हवे.